विहिरीत उतरण्याआधी

"आता पुरं कर. सालटं निघंल."

"निघू द्या. मळ ऱ्हायला नको."

"मळ हाय कुठं? मला तर दिसत नाय."

"तुमाला कसा दिसंल? तुमचे डोळे तेलकट."

सहदेव उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. कर्जतच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी; रात्रपाळी करून नुकताच आलेला, नखांत काळं तेल तसंच. मोरीत त्याची बायको पुतळाबाई डाव्या हाताचं कोपर वर धरून काथ्यानं घासत होती. शेजारी चिनीमातीच्या फुटक्या बशीत धुण्याचा सोडा. काथ्या सोड्यात बुडवायचा, कोपराच्या खोबणीत फिरवायचा, दात आवळायचे, पुन्हा बुडवायचा.

"अगं, विहिरीवर जाऊन परत घासनारच हायस ना? मग घरात कशाला?"

"घरी घासून गेलं का तिथं कमी घासाय लागतं. चारचौघांत खरवडत बसायला बरं वाटत नाय."

"म्हंजे दोनदा."

"दोनदा."

सहदेवनं खिशातून पत्र्याची डबी काढली. "हे घे. जरा चोपड. इंजिनाच्या सांध्यांना हेच घालतो आमी. एवढा घाट चढतंय रोज, कदी करकरलं नाय."

"मी काय इंजिन हाय?"

"आवाज तर तसाच हाय."

पुतळाबाईनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या दिशेनं भिरकावलं. तो हसत बाजूला सरला, पण हसू ओठांवर टिकलं नाही.

"आज नको जाऊस गं. मागच्या चैत्रात रगत आलंतं कोपरातून. यंदा तर मानंवर पन उठलंय. एक साल नाय शिकवलंस तर काय आभाळ पडतंय?"

"जाऊन सांगा मग ओढ्याला. म्हणावं, यंदा रामभाऊंची सून हिरू नवीन हाय, तिला पोहता येत नाय, आषाढात जरा दमानं वाहा."

ओढा कुणाचं ऐकत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं डबी तिच्यापुढे सरकवली आणि पुतळाबाईनं, वाद मिटवायचा म्हणून, बोटभर काळं तेल कोपरात चोपडून घेतलं. चरचरलं. चरचरलं म्हणजे लागू पडलं, असं तिचं आपलं गणित होतं.

पळसदरीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर ही वाडी. वाडीची भातखाचरं ओढ्यापलीकडे. उन्हाळ्यात तो ओढा म्हणजे दगडांची रांग. पण आषाढात डोंगरावरचं पाणी उतरलं की बायकांच्या छातीला लागायचा. रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन त्यातूनच पलीकडे जायचं आणि दिवसभर लावणी करून त्यातूनच परत यायचं. वाडीच्या लेकी लहानपणापासून पाण्यात. त्यांना भीती नव्हती. सुना मात्र यायच्या घाटावरून, मावळातून, जिथं पाणी म्हणजे हंड्यात मावेल तेवढंच.

सहा वर्षांपूर्वी अशीच एक नवी सून, सोनुबाई, जुडीसकट पाय घसरून ओढ्यात गेली. काठावरच्या बायका ओरडल्या आणि पुतळाबाईनं काष्टा न आवळताच उडी टाकली. पार खालच्या वळणावर सोनुबाईच्या केसांना तिचा हात लागला. त्या दिवशी संध्याकाळी वरच्या आळीच्या चार म्हाताऱ्या खालच्या आळीत पुतळाबाईच्या दारात आल्या, आणि आधी कधी न आल्यामुळे कुठं बसावं ते त्यांना कळेना. शेवटी उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आमच्या सुनांना शिकीव."

तेव्हापासून दर चैत्रात वरच्या आळीतल्या रामभाऊंच्या विहिरीत पुतळाबाईची शाळा भरायची. सहा वर्षांत तेवीस सुना तरंगायला शिकल्या. पाठीला दोन सुके भोपळे बांधायचे, पायरीवरून पाण्यात ढकलायचं आणि वरून ओरडायचं, "पाय मार गं! नवऱ्याला मारायचेत ते आज हितं मार!" ही तिची मुख्य शिकवण.

पोहणं तिच्याकडे वडलांकडून आलं. चांगो त्यांचं नाव, याच वाडीतले; पुतळाबाईला सासरही इथलंच मिळालं. कुणाचा हंडा, कुणाची बादली विहिरीत पडली की त्यांना बोलावणं यायचं. ज्या विहिरीचं पाणी त्यांना काढायला मिळत नसे, तिच्या तळाशी मात्र त्यांना उतरावं लागायचं. आणि उतरण्याआधी काठावरच्या दगडावर बसून, सगळ्यांच्या देखत, राखेनं आणि काथ्यानं अंग घासून धुवायचं. मालक बघत उभे. "पाठ राहिली. मान राहिली." पुरेसं घासलं असं मालकाला वाटलं, की मग बुडी.

छप्पन साली चांगोंनी धर्म बदलला. घरातले जुने देव नदीत सोडले, गावकीची कामं सोडली, गळ्यातला दोरा तोडला. पण विहिरीवरचं घासणं तेवढं सुटलं नाही. ते सोडायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. उलट लेकीला शिकवताना ते म्हणाले होते, "पाण्यात उतरायच्या आधी असं घासायचं का कुणाला बोट दावाय जागा ऱ्हायली नाय पायजे."

पुतळाबाईनं ते अगदी मनावर घेतलं. राखेच्या जागी सोडा आणला, तो तिचा स्वतःचा शोध. आणि लहानपणापासून तिच्या कोपरांच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे जे लाल, खरबरीत, खाजरं उठायचं, त्याला लोक इसब म्हणत असले तरी तिला मनातून वाटायचं, हा मळच आहे. कुठंतरी घासायचा राहिलेला.

तिचा आणखी एक शोध होता. गावची विहीर आटली की उन्हाळ्यात पिण्याचं पाणीही रामभाऊंच्याच विहिरीचं. म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाई दर सोमवारी सकाळी येऊन तिच्यात पांढरी पावडर टाकून जात. मग दिवसभर पाण्याला दवाखान्याचा वास यायचा. पुतळाबाईनं विचार केला, दवाखान्याचा वास म्हणजे औषध. फुकटचं औषध आणि विहीरभर! मग ती मुद्दाम सोमवारी दुपारीच पाण्यात उतरायची, आणि इतर दिवसांपेक्षा अंमळ जास्तच वेळ राहायची.

आज सोमवार होता.

विहिरीच्या काठावर रामभाऊंची बायको पारूबाई पहाऱ्याला बसली होती. बायका पोहत असताना पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही असा दंडक. फक्त रामभाऊ, विहीर त्यांची म्हणून, आंब्याखाली विहिरीकडे पाठ करून बसत आणि पाठमोऱ्यानंच सूचना देत. आज ते बाजाराला कर्जतला गेले होते. हिरू, त्यांची धाकटी सून, विशीची, मावळातली, पायरीवर उभी राहून पाण्याकडे असं बघत होती जणू पाणी तिला चावेल.

पुतळाबाईनं दगडावर बसून पुन्हा घासलं. खर्र, खर्र. काळं तेल निघालं, त्याच्याबरोबर आणखीही काही निघालं. मग ती उतरली.

पाणी अंगाला लागलं तशी तिला एकदम मिरची चोळल्यासारखी आग झाली. कोपर, मान, गुडघ्यामागं, सगळीकडे एकदम. तिनं डोळे मिटून घेतले. "औषध काम करतंय," असं स्वतःला सांगितलं आणि हात पुढे केला.

"ये गं हिरू. माझा हात धर. भोपळे पाठीला हायेत, तू बुडायचं म्हनलंस तरी बुडनार नायस."

"मावशी, पाय टेकत नाय!"

"टेकायचाच नाय! टेकवायचा असता तर घरात बसलो असतो."

हिरूनं घाबरून तिचा दंड गच्च धरला, आणि लगेच सोडला. स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली. तळव्याला पातळ, ओलसर सालपट चिकटलं होतं.

"काय झालं गं?" वरून पारूबाई.

"काय नाय आत्या..."

"बघू. पुतळे, हात वर कर. वर कर म्हनते ना!"

पुतळाबाईनं हात वर केला. कोपरातून पाणी आणि रक्त मिळून मनगटापर्यंत ओघळलं.

"बाई गं!" पारूबाई उठूनच उभी राहिली. "इसब वाहतंय तुझं! हिरू, वर ये. आधी वर ये!"

"पारूबाय, मला लहानपनापासून हाय. आमच्या ह्यांना लागलं नाय, पोरांना लागलं नाय..."

"ते तुमचं तुमच्यात. माझ्या सुनेला नको."

तुमचं तुमच्यात. पारूबाई काही वाईट बाई नव्हती. ते शब्द तिनं ठरवून म्हटले नव्हते, जुन्या ठिकाणाहून आपोआप आले. म्हणूनच ते जास्त लागले. पुतळाबाईनं हिरूच्या पाठीची दोरी सोडली, भोपळे पायरीवर ठेवले आणि ओल्या लुगड्यानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी शिकायला येणाऱ्या आणखी तीन सुना आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकीच्या सासूनं निरोप धाडला, "यंदा ऱ्हाऊ दे."

चौथ्या दिवशी पुतळाबाई दवाखान्यात गेली. गेली म्हणजे सहदेवनं नेली. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आत जा. मी हितं हाय. डबीचं नाव काढू नको."

नर्सबाईंचं नाव चंद्रभागा. डोळ्यांवर चष्मा, पदर खोचलेला, बोलणं शाळामास्तरासारखं. त्यांनी "या पुतळाबाई, बसा" म्हणून सरळ तिचा हात हातात घेतला, तशी पुतळाबाईनं तो मागे ओढला.

"हात नका लावू बाई. लागंल."

"कोण म्हणालं लागेल?"

"सगळेच म्हनतात."

चंद्रभागाबाईंनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या सांध्यांवर लाल, कोरड्या रेघा. करंगळीला भेग.

"हे काय आहे?"

पुतळाबाई वाकून बघू लागली. "...तुमाला पन?"

"मला पण. दिवसातून पन्नासदा साबण, पन्नासदा औषधाचं पाणी. तेरा वर्षं मी या हातांनी बाळंतपणं करते. हजार तरी बाळं घेतली असतील. सांगा, एका तरी बाळाला लागलं का? तुमच्या पारूबाईंच्या लेकीचं पहिलं मूल याच हातांत रडलं. लागलं त्याला?"

"नाय. चांगलं गुटगुटीत हाय."

"इसब लागत नाही पुतळाबाई. ते घाणीमुळे होत नाही, कुणाचं कुणाला जात नाही. काहींचं कातडं जन्मानंच कोरडं, हळवं असतं. आपल्या दोघींचं आहे. एवढंच."

पुतळाबाईनं पदरानं नाक पुसलं. मग हसायला लागली आणि हसता हसता पुन्हा नाक पुसलं. छत्तीस वर्षं ती ज्याच्यामागे काथ्या घेऊन लागली होती तो मळ नव्हताच.

"आता सांगा," चंद्रभागाबाईंनी कागद ओढला. "अंगाला काय लावता?"

"सोडा."

"खायचा?"

"धुन्याचा."

"आणखी?"

"काथ्या."

"आणखी?"

पुतळाबाईनं दाराकडे बघितलं. दाराबाहेर सहदेवची सावली हलली. "आमचे हे... तेल लावतात."

"खोबरेल?"

"काळं."

"काळं कुठलं?"

"इंजिनाचं."

चंद्रभागाबाईंनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. "पुतळाबाई, तुम्ही जिवंत कशा राहिलात?"

"पोहते ना!"

आता दोघी हसल्या. बाहेरची सावली एकदम दोन पावलं लांब गेली.

"आन् बाई, तुमची पावडर पन लावते मी. म्हंजे तुमी सोमवारी टाकता ना, तर औषध अंगाला लागावं म्हनून मी मुद्दाम सोमवारीच..."

"अरे देवा! अहो, ती पावडर पाण्यातले जंतू मारायला. तुमच्या अंगाचं औषध नव्हे ते! धडधाकट माणसाला काही होत नाही, पण उललेल्या कातड्यावर ताजं पावडरचं पाणी म्हणजे..."

"मिरची."

"कळलं ना? मग कशाला बसलात त्यात?"

"मला वाटलं, झोंबतंय म्हंजे गुन येतोय."

डॉक्टरांनी येऊन हात बघितला, मलम लिहून दिलं आणि ते घाईत निघून गेले. बाकीचं चंद्रभागाबाईंनी समजावलं, आणि एकेक गोष्ट पुतळाबाईकडून परत म्हणवून घेतली.

"पहिलं. वाहतंय, उललंय तोवर पाणी बंद. ओढा नाही, विहीर नाही. आठ दिवस तरी."

"चैत्र सरंल बाई."

"सरू द्या. वैशाख आहे. दुसरं. मी पावडर यापुढे शनिवारी संध्याकाळी टाकीन. तुम्ही मंगळवारच्या आत उतरायचं नाही. तिसरं. उतरायच्या अर्धा तास आधी खोबरेल. कोपर, मान, गुडघ्यामागं. पातळ हात. जिरू द्यायचं, उरलेलं फडक्यानं टिपायचं, म्हणजे पाण्यावर तवंगही येणार नाही. तेल लावलेल्या कातड्यात पाणी शिरून त्याला सुकवत नाही."

"आन् बाहेर आल्यावर?"

"लगेच दोन तांबे साध्या पाण्याचे. कढत नाही, कोमट. साबण नाही. मग जुन्या सुती लुगड्यानं टिपायचं. टिपायचं म्हणतेय मी, पुसायचं नाही! अंग ओलसर आहे तोवर परत तेल. आणि सैल सुती नेसायचं. ते नायलॉनचं लुगडं आणलंय म्हणे सहदेवरावांनी, ते लग्नाकार्याला."

"आन् झोंबलं तर?"

"तर बाहेर यायचं! दात आवळून राहायचं नाही. झोंबतंय म्हणजे कातडं सांगतंय, आज नको."

पुतळाबाईनं मान डोलावली. मग हळूच विचारलं, "आन् उतरायच्या आधी घासायचं किती?"

"अजिबात नाही."

"अजिबात?"

"एकदासुद्धा नाही. तुमचं सगळं दुखणं त्या घासण्यात आहे."

"पन बाई, विहिरीवर लोक काय..."

"इसब लोकांच्या अंगाला आहे की तुमच्या?"

बाहेर आल्यावर सहदेव दहा पावलं पुढे चालत होता. रूळ ओलांडून झाल्यावर म्हणाला, "ती डबी फाटकाच्या बिजागरीला वापरू."

"फाटक करकरतच होतं," पुतळाबाई म्हणाली.

आठ दिवस मलम लावून सावलीत बसणं हे पुतळाबाईला सगळ्यात जड गेलं असं नाही. जड गेलं ते मोरीत उभं राहून अंगावर नुसतं पाणी ओतून बाहेर येणं. हात आपोआप काथ्याकडे जायचा. आंघोळ झाली असं वाटायचंच नाही. आपण अजून मळके आहोत, कुणीतरी बघेल आणि म्हणेल "मान राहिली", असं वाटून ती दोनदा मोरीत परत गेली आणि दोनदा रिकाम्या हातानं परत आली. तिसऱ्या दिवशी काथ्या तिनं सरळ भांड्यांच्या टोपलीत टाकला.

पाचव्या दिवशी ती पहाटेपर्यंत सलग झोपली. उठून बघते तर नखांत रक्त नव्हतं. आठव्या दिवशी कोपराची खोबण मिटली होती. लाल नव्हती असं नाही, पण मिटली होती, मऊ होती. तिनं सहदेवला दाखवली. त्यानं बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "नव्या बेअरिंगसारखी." त्याच्याकडून यापेक्षा मोठी तारीफ कुणाला मिळाली नव्हती.

पण सुनांचं काय? शनिवारी संध्याकाळी चंद्रभागाबाई पावडर टाकायला गेल्या तेव्हा पारूबाई काठावर होती. काय बोलणं झालं ते पुतळाबाईला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक, की रविवारी सकाळी पारूबाई खालच्या आळीत तिच्या दारात उभी होती.

"बसा पारूबाय."

"बसत नाय. चूल पेटती ठेवून आले." मग जरा थांबून, "त्या नर्सबाईंनी हात दाखवले मला. याच हातांनी तुमचा नातू काढला, असं म्हनाल्या."

"हं."

"मी त्या दिवशी... हिरूचा हात दोन दिवस बघत होते. काय उठलं नाय."

"उठनार नव्हतंच."

पारूबाई दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिली. मग एकदम, कुणीतरी पाठीत ढकलल्यासारखी म्हणाली, "मंगळवारी येतेस काय? पोरगी रडतेय घरात. म्हनते, ओढा मला नेनार."

"येते."

"बाकीच्या तिघींना बी सांगितलंय मी."

ती गेली. पुतळाबाई तिथंच पाटावर बसली आणि तिनं एवढा मोठा श्वास सोडला की चुलीपुढचा सहदेव वळून म्हणाला, "काय गं, वाफ सोडलीस काय?"

मंगळवारी दुपारी विहिरीवर चौघी सुना, काठावर पारूबाई, आणि आंब्याखाली विहिरीकडे पाठ करून रामभाऊ. खांद्यावर उपरणं, पुढ्यात काठी. पुतळाबाई घरूनच तेल लावून, टिपून आली होती. तिनं भोपळ्यांची काथ्याची दोरी बदलून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या, म्हणजे तिच्याच काय, कुणाच्याच अंगाला काचायला नको. काष्टा आवळला आणि दगडाला वळसा घालून सरळ पायऱ्यांकडे निघाली.

"पुतळे," आंब्याखालून रामभाऊ. पाठमोरेच.

"काय रामभाऊ?"

"आवाज नाय आला."

"कसला?"

"घासन्याचा."

पुतळाबाईनं दर वर्षी त्या दगडावर बसून घासलं होतं, आणि रामभाऊंनी दर वर्षी पाठ फिरवून तेवढं ऐकलं होतं.

"नाय घासलं," पुतळाबाई म्हणाली.

"का?"

"नर्सबाई नको म्हनाल्या. कातडं उलतं."

"कातडं उलतं ते तुझं. पानी गावाचं हाय. तेल बी लावून आलीस म्हने. तवंग येईल."

"टिपून आलेय. मी उतरते, मंग पारूबाय बघतील, तवंग येतो का नाय ते."

"तवंग ऱ्हाऊ दे बाजूला. रीत हाय ती. तुझा बाप घासायचा. माझ्या बापाच्या येळेपासनं चालत आलंय."

पुतळाबाईचा पाय पहिल्या पायरीवर होता. आजवर या आवाजाला तिनं नेहमी "बरं" म्हटलं होतं. आत्ताही तो शब्द जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"रामभाऊ, एक इचारू? ही रीत विहिरीची हाय का आमच्या अंगाची?"

"म्हंजे?"

"विहिरीची असंल तर जो उतरंल त्यानं घासावं. ह्या चौघी पन बसतील दगडावर. मी बसते त्यांच्याशेजारी. सोडा आनते घरनं, काथ्या बी हाय."

"सुना कशाला घासतील? त्या काय..." रामभाऊ थांबले.

"काय?"

पारूबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. हसू होतं की भीती, सांगता येत नव्हतं. पुतळाबाई तेवढ्यात खाली उतरली.

पाणी घोट्याला लागलं. पोटरीला. गुडघ्यामागं. तिथं ती थांबली, झोंबायची वाट बघत. काही नाही. कमरेला. कोपर तिनं हळूच बुडवलं, जसं कुणी तव्याला बोट लावून बघतं. नुसतं गार वाटलं. चैत्र-वैशाखाच्या उन्हातलं विहिरीचं ते खोलातलं गार पाणी, जे चौघी सुनांनाही असंच गार लागणार होतं, आणि जे तिला इतक्या वर्षांत एकदाही तसं लागलं नव्हतं. तिनं अंग सोडून दिलं आणि पाठीवर पडली. कान पाण्याखाली गेले. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, त्यात आंब्याची एक फांदी.

"मावशी! झोपलीस काय?"

"आले गं!" ती उलटी झाली. "चल हिरू, तू पयली. पाय मार! नवऱ्याला मारायचेत ते आज हितं!"

हिरूनं डोळे मिटून उडी टाकली. पाणी उसळलं, भोपळे वर आले, मग हिरू. खोकली, ओरडली, पाय झाडले. पुतळाबाईनं तिच्या हनुवटीखाली एक बोट धरलं, नुसतं एक बोट, आणि मग तेही काढून घेतलं. हिरू तीन हात गेली. चार. समोरच्या भिंतीच्या दगडाला तिचा हात लागला, तशी ती त्याला मिठी मारून आनंदानं किंचाळली. वरच्या तिघींनी टाळ्या पिटल्या. पारूबाई वाकून पाण्याकडे बघत होती. "तवंग नाय हो!" ती आंब्याकडे तोंड करून म्हणाली. "आरशासारखं हाय."

रामभाऊ खाकरले. "ते ठीक हाय. पन रीत ती रीत. उद्यापासनं निदान दोन तांबे पानी घेऊन तरी घासून..."

"मामंजी!"

आवाज विहिरीतून आला. नव्या सुनेनं सासऱ्याशी असं मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. पण हिरू आत्ता पाण्यात होती, बुडत नव्हती, आणि तिला सगळंच जमेल असं वाटत होतं. विहिरीच्या भिंतींनी तिचा आवाज आणखी मोठा करून वर पाठवला.

"काय गं?"

"तुमी पन लहानपनी याच विहिरीत पोहायला शिकलात ना? ह्यांनी सांगितलं मला, वरच्या काठावरनं उड्या टाकायचात म्हने."

"हां. मग?"

"उडी टाकायच्या आधी तुमी किती येळ घासायचात?"

एक सून फिस्सकन हसली आणि तोंडावर हात दाबून खाली बसली. पारूबाई हसली नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. पाण्यातून पुतळाबाईही वर बघत राहिली, एका हातानं पायरी धरून.

आंब्याखाली रामभाऊंनी काठी उचलली. उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं. वहाणा पायांत सरकवल्या. आणि मागे न बघता बांधावरून घराकडे चालू लागले.